साडेबारा तासांचा फरक

"सूर्य बुडाला का रे, मुनाफ?"

खैरूनफुफीनं हे विचारलं तेव्हा तिच्या मनगटावरच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी खिडकीपाशी बसलो होतो, ती मधल्या खुर्चीवर, आणि तिच्या पलीकडे कानात बोळे घालून झोपलेला एक गोरा म्हातारा. जेवणाचे ट्रे गोळा झाल्यावर सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली ओढायला लावले होते आणि दिवे मंद केले होते. आत सगळा काळोख. माझ्या खिडकीच्या पडद्याखाली मात्र बोटभर फट राहिली होती. तिच्यातून आलेली उजेडाची पट्टी माझ्या गुडघ्यावर पडली होती. मी त्या पट्टीवर ब्लँकेट ओढलं.

"अजून नाही," मी म्हणालो.

"दाभोळला बुडाला असेल."

"दाभोळला बुडाला असेल. इथे नाही."

"इथे म्हणजे कुठे?"

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. विमानाचं चित्र नॉर्वे मागे टाकून निळ्या पाण्यावर आलं होतं. पुढे आइसलँड, मग ग्रीनलँड, मग कॅनडाचा तो वरचा सगळा बर्फ. अजून सहा हजार किलोमीटर बाकी होते.

"समुद्रावर," मी म्हणालो.

"समुद्राला गाव नसतं का?" असं म्हणून तिनं डोळे मिटले.

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेव्हा एकसष्ट वर्षांची. दाभोळात आमच्या घराला लागूनच तिचं घर. नवरा लवकर गेलेला आणि एकुलती एक मुलगी, तहसीन, लग्न होऊन कॅनडात, व्हँकुव्हरला. तहसीनला ऑगस्टच्या शेवटी बाळ व्हायचं होतं. फुफीचा व्हिसा त्यासाठीच आधीपासून काढून ठेवला होता. पण बाळ सात आठवडे आधीच आलं. दीड किलोचंही नव्हतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाव ठेवलं जुनैद.

मी जहाजावर थर्ड इंजिनिअर. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मला व्हँकुव्हरच्या बंदरात जहाज गाठायचं होतं. फुफी आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. घरच्यांनी तिचं तिकीट माझ्या तिकिटाला जोडून काढलं आणि तिला माझ्या हवाली केलं. त्या वर्षी रमजान ऐन जुलैत आला होता.

मुंबईहून आमचं पहिलं विमान पहाटेच्या आधी सुटलं. फुफीनं विमानातच डब्यातली चपाती आणि उकडलेलं अंडं खाऊन सहेरी केली. दाभोळच्या मशिदीनं छापलेलं वेळापत्रक तिच्या पर्समध्ये होतं. चार चाळीसला तिनं तोंड पुसलं, रोज्याची नियत केली आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. फ्रँकफुर्टला उतरलो तोवर सगळं ठीक होतं. तिथे दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलो असताना तिनं माझ्या हातातलं तिकीट घेतलं आणि चष्मा लावून वाचलं.

"इथून दीडला निघणार?"

"हो."

"आणि तिथे अडीचला पोचणार?"

"हो."

"मग तासाभराचा तर प्रवास आहे! तू मला दहा तास म्हणाला होतास."

"दहा तासच आहे, फुफी. आठ हजार किलोमीटर अंतर आहे. पण आपण पश्चिमेला चाललोय आणि सूर्यही पश्चिमेला चाललाय. त्याच्या बरोबरीनं पळायचं. म्हणून घड्याळ पुढे सरकत नाही."

ती विचारात पडली. तिची शाळा चौथीपर्यंतची, पण डोकं तल्लख. बाजारात मासळीवाली तिला कधी फसवू शकली नाही.

"म्हणजे माझा सूर्य बुडणारच नाही?"

"तिथे गेल्यावर बुडेल. रात्री सव्वानऊला."

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मध्येच हिशेब तुटला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. मी सांगितलं, "एकोणतीस तासांचा रोजा होईल. तुला शुगर आहे, सकाळी गोळी घेतली आहेस. तू मुसाफिर आहेस, मुसाफिराला सूट आहे. सोड आत्ताच. नंतर त्याच्या बदली कजा रोजा ठेव."

"इमामसाहेबांनीही तेच सांगितलं. म्हणाले, घड्याळावर जाऊ नका, जिथे असाल तिथला सूर्य खरा. आणि झेपलं नाही तर सूट आहे." तिनं तिकीट घडी करून मला परत दिलं. "पण ती सूट रोज्याची. माझ्या मन्नतीला नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. बाळ पेटीत गेल्याचा फोन आला त्याच रात्री तिनं मन्नत केली होती: जुनैद पेटीतून बाहेर येईपर्यंत एकही रोजा चुकवणार नाही, मोडणार नाही. सफर असो, आजार असो.

"तहसीनला माहीत आहे?"

"सांगायची गोष्ट नाही ती. तुलाही सांगणार नव्हते. तू फार विचारतोस."

तर आता आम्ही त्या अंधाऱ्या विमानात होतो आणि फुफी डोळे मिटून पुटपुटत होती. आधी मला वाटलं, दुआ पढते आहे. मग लक्षात आलं, ती बोलते आहे. "हुसैन, दार लावलंस का रे? कोंबड्या आत घे." हुसैन माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार आणि घामानं चिंब.

"फुफी, मी मुनाफ."

"हो रे, हुसैन."

मी वरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी आली. मी इंग्रजीत सांगितलं, हिला शुगर आहे, शुगर उतरलीय. तिनं क्षणात संत्र्याचा रस आणला आणि वाकून फुफीच्या ओठांना लावला. फुफीला तेवढं भान कुठून आलं कोण जाणे. तिनं पेला हातानं बाजूला सारला. थोडा रस तिच्या ओढणीवर सांडला.

"सूर्य?" ती म्हणाली.

हवाईसुंदरीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हिचा उपास आहे, सूर्य मावळल्याशिवाय काही घेणार नाही. ती बिचारी गोंधळली. "पण बाहेर तर लख्ख दुपार आहे," ती म्हणाली.

"काय म्हणते ती?" फुफीनं विचारलं.

फुफीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

"म्हणते, सूर्य बुडाला."

फुफीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिची नजर ठरत नव्हती, पण माझ्यावरच होती.

"तू बघ. तू बघून सांग."

मी पुढे वाकून पडद्याच्या फटीला डोळा लावला. खाली कापसासारखे ढग पसरले होते आणि त्यांच्यावर ऊन असं तळपत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्य अजून चांगलाच वर होता.

"बुडाला, फुफी."

"नक्की?"

"नक्की. मी बघितला."

तिनं पर्समधून खजुराची पुडी काढायचा प्रयत्न केला. तिला गाठ सुटेना. मी सोडवली. तिनं ओठ हलवून दुआ म्हटली, खजूर तोंडात घातला, मग दुसरा, मग रसाचा पेला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. माझी नजर समोरच्या पडद्यावर गेली. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: व्हँकुव्हरची वेळ, सकाळचे सहा पन्नास. फुफीच्या घड्याळात सात वीस झाले होते.

पंधरा-वीस मिनिटांत तिच्या हाताला ऊब आली. मग ती मला माझ्या नावानं हाक मारू लागली. मी तिला पाव, भात, जे मिळेल ते खाऊ घातलं. ती झोपली. मी त्या फटीत रुमाल कोंबला आणि पुढचे सात तास तसाच बसून राहिलो. मला वाईट वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. सुटल्यासारखं वाटत होतं.

उतरायच्या आधी सगळे पडदे वर करायला लावतात हे मी विसरलोच होतो.

एकदम सगळं विमान उजेडानं भरून गेलं. फुफी दचकून जागी झाली. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते आणि त्यांच्यावर स्वच्छ दुपारचं ऊन.

"सकाळ झाली?"

"दुपार आहे. अडीच वाजतील आता."

"उद्याची?"

"नाही. आजचीच."

ती माझ्यावरून वाकून बाहेर बघू लागली. मग म्हणाली, "बुडालेला सूर्य वर कसा आला?"

"पश्चिमेला जाणाऱ्या विमानात होतं असं. आपण त्याला मागून गाठतो. तो पुन्हा वर आल्यासारखा दिसतो."

"पश्चिमेकडून?"

"हो."

"पश्चिमेकडून सूर्य उगवतो तो कयामतीच्या दिवशी, मुनाफ," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. मी सीटचा पट्टा घट्ट करण्यात गुंतल्यासारखं केलं.

बाहेरच्या हॉलमध्ये आदिल उभा होता. आदिल म्हणजे तहसीनचा नवरा. उंच, शांत मुलगा, कुठल्याशा गोदामात हिशेबनीस. त्याची दाढी चार दिवसांची वाढलेली होती. त्यानं फुफीला मिठी मारली आणि तो तिला सोडेना. तेव्हाच आम्हाला कळलं.

"कधी?" फुफीनं विचारलं.

"आज सकाळी. सात वाजून पाच मिनिटांनी. तुम्ही विमानात होतात, अम्मी. सांगणार कसं?"

फुफी रडली नाही. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तहसीनजवळ कोण आहे?" शेजारची एक बाई आहे, असं तो म्हणाला. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं होतं. "मग चल लवकर." आदिल गाडी आणायला गेला आणि आम्ही दोघं सामान घेऊन एका बाकावर बसलो. समोर भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं. आजूबाजूला लोक फुगे आणि फुलं घेऊन आपापल्या माणसांची वाट बघत होते. कोणीतरी जोरात हसत होतं.

"मुनाफ."

"हं."

"मी रोजा सोडला तेव्हा इथे किती वाजले होते?"

मला माहीत होतं हे येणार. तिनं तोंड उघडायच्या आधीच मी हिशेब केला होता. जहाजावर आमचं सगळं आयुष्य वेळेच्या हिशेबात जातं. चार तासांची पाळी, रोज रात्री अर्धा नाहीतर एक तास मागेपुढे होणारं घड्याळ. खरं तर हिशेबाची गरजही नव्हती. सहा पन्नास मी डोळ्यांनी वाचलं होतं. तिनं खजूर तोंडात घातला त्यानंतर पंधरा मिनिटांनी जुनैद गेला होता.

"तुझ्या घड्याळात सात वीस झाले होते," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. इथे किती?"

"इथेही सात वीस. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. बारा तासांचा फरक आहे."

"बारा?"

"बारा. म्हणजे तू रोजा सोडलास त्याच्या आधीच तो गेला होता. पंधरा मिनिटं आधी. तुझ्या रोज्याचा काही संबंध नाही, फुफी."

तिनं ओढणी सारखी केली. मला वाटलं, पटलं. तिनं डावा हात वर केला आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं. मग समोर भिंतीकडे पाहिलं. पुन्हा मनगटाकडे.

"माझ्यात साडेचार वाजलेत," ती म्हणाली. "त्यात चार वाजलेत."

मी बॅगेचा पट्टा सारखा करू लागलो.

"बारा तासांचा फरक असता तर दोन्ही काटे सारखे असते. बरोबर?"

"फुफी..."

"दर शुक्रवारी रात्री मी साडेनऊला तहसीनला फोन करते. या दिवसांत ती म्हणते, अम्मी, इथे सकाळचे नऊ झाले. सहा वर्षं करते आहे. साडेबारा तास, मुनाफ. अर्धा तास कुठे टाकलास?"

तिनं हे रागानं विचारलं असतं तर मी कदाचित आणखी काहीतरी रचलं असतं. पण ती खरंच विचारत होती, घरात एखादी वस्तू सापडत नाही म्हणून विचारावं तशी. आणि माझं डोकं सुन्न झालं होतं. बाहेर दुपार होती, माझ्या अंगात मध्यरात्र होती, कालचा दिवस कुठे संपला आणि आजचा कुठे सुरू झाला ते मला सांगता आलं नसतं. मी सगळंच सांगून टाकलं. अर्धा तास मीच खाल्ला, आणि सूर्य बुडाला नव्हता, तेही.

"मग ती गोरी बाई काय म्हणाली होती?"

"बाहेर दुपार आहे म्हणाली होती."

"आणि तू बघितलंस तेव्हा?"

"दुपारच होती."

"मी तुला विचारलं होतं. नक्की का म्हणून."

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"तू मला बाबांच्या नावानं हाक मारत होतीस, फुफी. तुझे हात गार पडले होते. मला वाटलं, तू..."

"माझं मरण तुला दिसलं," ती म्हणाली, "आणि त्या पोराचं दिसलं नाही."

एवढं बोलून ती उठली आणि माझ्या हातातली तिची पर्स काढून घेतली. आदिल गाडी घेऊन आला होता. वाटेत तो गाडी चालवत मध्येच इमारती दाखवत होता, ही अमुक, ती तमुक, आणि मध्येच थांबत होता. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. फुफीनं एकदाच विचारलं, "इथे सूर्य केव्हा बुडतो?" आदिलला प्रश्न कळला नाही. "सव्वानऊला," मी मागून म्हणालो. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

तहसीन पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले. फुफी तिच्याजवळ बसली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मी दारात उभा होतो. आत जावं की नाही ते कळत नव्हतं. शेजारणीनं चहा आणून ठेवला. फुफीनं कप बाजूला सरकवला.

"अम्मी, काहीतरी घे. तुझी शुगर."

"रोजा आहे."

"प्रवासात रोजा?"

"मन्नत केली होती मी," फुफी म्हणाली. "त्याच्यासाठी. एकही रोजा मोडणार नाही म्हणून. पण मोडला, बाई. आज मोडला."

मी चौकटीला धरून उभा राहिलो. आता माझं नाव येणार. तहसीन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी, तिला मी सायकल शिकवली होती. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला होईना.

"चक्कर आली मला," फुफी म्हणाली. "शुद्ध राहिली नाही. सूर्य बुडाला असं वाटलं आणि मी सोडला. आणि इथे तो..."

"अम्मी, तसं नको बोलूस."

"पंधरा मिनिटांत, तहसीन."

तहसीननं आईचे दोन्ही हात धरले. आदिलकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"अम्मी, ऐक. डॉक्टरांनी आम्हाला सोमवारीच सांगितलं होतं. फुप्फुसं तयारच झाली नव्हती. मग मेंदूत रक्तस्राव झाला. ते म्हणाले, आता दिवसांचाच प्रश्न आहे. आम्हाला सोमवारपासून माहीत होतं."

तो शुक्रवार होता. आम्ही दाभोळहून बुधवारी निघालो होतो.

"पण तू मंगळवारी फोनवर म्हणालीस, तो बोट धरतो म्हणून," फुफी म्हणाली.

"धरत होता. खरंच धरत होता, अम्मी. पण बाकीचं नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू इतक्या लांबचा प्रवास रडत केला असतास. तुझं काही झालं असतं तर? म्हणून ठरवलं, इथे आलीस की सांगू."

फुफीनं हळूच आपले हात सोडवून घेतले. तिनं तहसीनकडे पाहिलं, मग आदिलकडे, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"सगळ्यांनी मिळून मला लहान मूल केलंत," ती म्हणाली.

तिनं तहसीनच्या कपाळावरचे केस मागे सारले, चहाचा कप उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू पी. बाळंतिणीला रोजा नाही." मग उठली आणि बाहेरच्या छोट्या गॅलरीत जाऊन बसली.

साडेपाचपासून सव्वानऊपर्यंत ती तिथे बसून होती. नमाज पढायला तेवढी आत आली. बाकी सगळा वेळ गॅलरीत, पश्चिमेला तोंड करून. मी दोनदा जाऊन विचारलं, बरं वाटतंय ना. तिनं मान हलवली. समोर घरांची छपरं होती, त्यांच्यापलीकडे समुद्राची एक चिंचोळी पट्टी. ऊन हलता हलत नव्हतं. आठ वाजले तरी आमच्याकडच्या पाच वाजल्यासारखं. तिनं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. कोणाला वेळही विचारली नाही. शेवटी सूर्य लाल होऊन पाण्याला टेकला, अर्धा झाला, मग नखाएवढा उरला आणि गेला. त्यानंतरही ती थोडा वेळ तशीच बघत राहिली, तो पुन्हा वर येत नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखी. मग आत येऊन तिनं पाण्याचा घोट घेतला.

मला रविवारी जहाजावर चढायचं होतं. फुफी पुढे तीन महिने तहसीनजवळ राहिली. राहिलेले सगळे रोजे तिनं पुरे केले आणि त्या एका दिवसाचा वेगळा ठेवला. दोन वर्षांनी तहसीनला मुलगी झाली, तेव्हा मात्र फुफीनं कसलीही मन्नत केली नाही. मी सुट्टीवर दाभोळला गेलो की ती पूर्वीसारखीच माशाचं कालवण करून पाठवायची आणि माझ्या बायकोकडून माझ्या खोकल्याची चौकशी करायची. त्या दिवसाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा तिला काहीतरी काम आठवलं. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. तहसीनला आजही वाटतं की तो रोजा तिच्या आईनं भोवळीत सोडला.

पण मध्ये शनिवारची सकाळ होती.

तिथल्या मशिदीच्या मागे एक लहान खोली आहे, मय्यतीला आंघोळ घालायची. जुनैदला फुफीनंच आंघोळ घातली, तिथल्या दोन बायका मदतीला होत्या. आम्ही दहा-बारा पुरुष बाहेर मोकळ्या जागेत उभे होतो. बहुतेकांना मी ओळखत नव्हतो. ऊन कोवळं होतं आणि वारा गार. कोणीतरी सांगितलं, कब्रस्तान गाडीनं पाऊण तासावर आहे, पण इथून फाटकापर्यंत हातातच न्यायचं.

दार उघडलं आणि फुफी बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांवर पांढरं कापड होतं, लांबीला हातभरसुद्धा नाही. आदिल पुढे झाला आणि त्यानं हात पसरले. त्याचे हात इतके थरथरत होते की शेजारच्या माणसानं त्याचं कोपर धरलं. फुफी त्याच्यासमोर थांबली. तिनं कपाळ त्याच्या छातीला टेकवलं, काहीतरी पुटपुटली आणि मान वर करून इकडेतिकडे पाहू लागली.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

"मुनाफ," तिनं हाक मारली. "तू घे."

लोक बाजूला झाले. मी पुढे गेलो. मला काहीच कळत नव्हतं. हात कसे धरायचे तेही कळेना. तिनंच ते धरले, एक खाली, एक वर, आणि त्यांच्यावर ते कापड ठेवलं. त्याला वजन असं नव्हतंच. कापडाचं तेवढं होतं. तिनं माझ्या कोपराशी आलेलं त्याचं टोक आत खोचलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच. ती मला शिक्षा देत होती की माफ करत होती, हे मी तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो आणि अजून शोधतो.

मी फाटकाकडे वळलो. दोन पावलं टाकली असतील. मागून तिचा आवाज आला.

"सावकाश चाल रे. आता घाई नाही."